हुरिगाळू घरी भाजताना: कुळीथ टणक का होतात आणि पावटे आतून कच्चे का राहतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. म्हैसूरला नातेवाइकांकडे हुरिगाळू, म्हणजे तिकडची भाजकी कडधान्यं, खाल्ले, फार आवडले, म्हणून पुण्याला परतल्यावर घरी करून पाहिले. कुळीथ, पावटे, हरभरे आणि चवळी रात्रभर एकाच पातेल्यात भिजवली, सकाळी निथळली आणि लोखंडी कढईत सगळी एकदम भाजायला घेतली. कुळीथ चावेनात, पावटे वरून करपले नि आतून कच्चट राहिले, चवळी जळून गेली. जे बरं जमलं तेही चार दिवसांत सादळलं. भट्टीवाल्यांसारखी वाळू घरी वापरावी का, डब्यात किती टिकतं, आणि सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांना व चार वर्षांच्या मुलीला हे देता येईल का, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी म्हैसुरात बरीच वर्षं भाजक्या कडधान्यांचंच काम करते, त्यामुळे सविस्तर लिहिते. पहिली गोष्ट ही की तुमचा हात विस्तवावर चुकलेला नाही. हुरिगाळू बिघडतात ते बहुतेक वेळा कढई चुलीवर चढण्याआधीच. दाण्याच्या आत किती ओल आहे आणि सालीवर किती, एवढ्यावर सगळं ठरतं. आत हवी, वर नको. तुमच्या कढईत गेलेला दाणा आतून पाण्याने तट्ट आणि वरून ओला होता, शिवाय चार वेगळ्या आकारांचे दाणे एकाच आचेवर होते.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जुन्या म्हैसूर भागात, म्हणजे म्हैसूर, मंड्या, हासन, तुमकूर या पट्ट्यात, आणि वर डोंगराळ मलनाडातही घरोघर कडधान्यं भिजवून, सावलीत सुकवून, तापल्या वाळूत किंवा खापरात भाजून ठेवतात. हुरुळी म्हणजे आपले कुळीथ किंवा हुलगे, अवरे म्हणजे पावट्याच्याच जातीचा दाणा, कडले म्हणजे हरभरा, अलसंदे म्हणजे चवळी, शिवाय बटाणी म्हणजे वाटाणा. त्यात शेंगदाणे पडतात, सुक्या खोबऱ्याचे पातळ काप पडतात, कुणी गुळाचा खडा सोबत ठेवतं. पावसाळ्यात संध्याकाळच्या कॉफीबरोबर वाटीभर हुरिगाळू हे तिकडचं ठरलेलं खाणं आहे. तेलात तळलेला अवरेबेळे चिवडा वेगळा. डिसेंबर-जानेवारीत बंगळूरच्या विश्वेश्वरपुरम भागात अवऱ्याचा मेळा भरतो तिथे तोच जास्त दिसतो, आणि तो सोललेल्या डाळीचा असतो. हुरिगाळूचा दाणा सालीसकट भाजायचा असतो आणि भाजताना तेलाचा थेंब लागत नाही. बाजारात मागताना एक काळजी घ्या: म्हैसुरात ‘हुरिगडले’ म्हटलंत तर दुकानदार डाळं देईल, जे आपण चिवड्यात आणि चटणीत घालतो ते.

आता दाण्याच्या आत काय होतं ते बघू, कारण ते समजलं की वेळा आणि मापं पाठ करावी लागत नाहीत.

कोरड्या कडधान्यात दहा-बारा टक्केच पाणी असतं. असा दाणा तसाच भाजला तर आतल्या पिठूळ भागाला फुगायला पाणीच नसतं. तो तपकिरी होतो, वासही खमंग येतो, पण आतून घट्टच राहतो आणि दाताला दाद देत नाही. भिजवल्यावर दाणा पाणी पितो, वजन जवळजवळ दुप्पट होतं. असा दाणा एकदम कडक उष्णतेत पडला की आतला स्टार्च त्या पाण्यात शिजून मऊ होतो, उरलेल्या पाण्याची वाफ होते, साल ती वाफ थोडा वेळ धरून ठेवते आणि मग तडकते. त्या क्षणी दाणा आतून किंचित सुटतो, त्यात बारीक पोकळ्या होतात. पुढे भाजत राहिलं की त्या पोकळ्या कोरड्या होऊन तशाच राहतात. आपण ज्याला खुसखुशीत म्हणतो ते म्हणजे ह्या पोकळ्या.

यात दोन ठिकाणी घोटाळा होतो. आच मंद असेल तर पाणी हळूहळू सालीतून निघून जातं, वाफेचा जोर तयार होत नाही, दाणा आक्रसतो आणि पुन्हा टणक होतो. तुमच्या कुळथाचं हेच झालं असणार: कढई दाण्यांनी भरलेली, त्यामुळे ती तापूच शकली नाही. दुसरा घोटाळा उलटा आहे. साल ओली असेल तर सगळी उष्णता ते वरचं पाणी उडवण्यात जाते. दाणा कढईच्या तळाला जिथे टेकतो तिथे करपतो, बाकी अंग उकडत राहतं. पावट्यासारख्या मोठ्या, चपट्या दाण्याचं हे हमखास होतं.

म्हणून सुरुवात निवडण्यापासून. कडधान्य त्याच हंगामातलं घ्या. फार जुना दाणा पाणी नीट पीत नाही, आणि त्यात गणंग जास्त निघतात. रात्रभर भिजवूनही जो दाणा फुगलेला नाही, बोटांत दाबला तर टिचभरही दबत नाही, तो गणंग. भिजवल्यानंतर ते हाताने वेचून काढा. हे कंटाळवाणं काम आहे, पण एका गणंगाने दाढेचा तुकडा उडू शकतो, त्यामुळे आमच्याकडे ते कधीही टाळलं जात नाही. कुळथात खडे फार असतात. सुपात पाखडून झाल्यावर पाण्यात रोळून घेतले तर खडे तळाला राहतात.

पुण्यात अवरे मिळत नसतील तर पावटे किंवा गोडे वाल घ्या, जात एकच आहे. कोकणातले कडवे वाल मात्र घेऊ नका. बिरड्यात ते सुंदर लागतात, पण इथे त्यांचा कडवटपणा भाजून जात नाही. आणि राजमा अजिबात नको. ‘सगळी कडधान्यं चालतात’ असं समजून लोक त्यात राजमा टाकतात. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, ते पाण्यात खळखळून उकळल्यानेच भरवशाने निष्प्रभ होतं. कोरडं भाजून त्याची खात्री देता येत नाही, आणि कच्चट राहिलेल्या थोड्याशा दाण्यांनीही जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात.

भिजवणं प्रत्येकाचं वेगळ्या भांड्यात. हरभरा, वाटाणा आणि कुळीथ आठ ते दहा तास, पावटा दहा-बारा तास, चवळी चार-पाच तासच. हरभऱ्याची डाळ घालायची असेल तर तिला दोन तास पुरतात. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास धरतो आणि तो भाजूनही राहतो. भिजवलेलं पाणी फेकून द्या. पोटात वायू धरणाऱ्या ज्या साखरा कडधान्यांत असतात त्यातला काही भाग त्या पाण्यात उतरलेला असतो.

कुळथाला मी एक पायरी जास्त देते. निथळून ओल्या पंच्यात बांधून ठेवते, मोड नुसता डोकावला की उघडते. डोकावलेला, वाढलेला नव्हे. मोड फुटू लागला की दाण्यात गोडवा येतो आणि साल सैल पडते, त्यामुळे सगळ्यांत हट्टी असलेला हा दाणा भाजताना चटकन उघडतो. मोड लांब झाला तर तोच आधी जळतो आणि अख्ख्या घाण्याला कडू करतो. कुळीथ ह्या मातीतलं फार जुनं धान्य आहे. बल्लारीजवळ संगनकल्लूला नवाश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात कुळथाचे आणि मुगाचे जळून काळे झालेले दाणे मिळाले आहेत. कमी पावसाच्या लाल जमिनीत काहीच येत नाही तिथे ते येतं, म्हणून हुरिगाळूत त्याचा मान पहिला. माझ्या मते ज्या हुरिगाळूत कुळीथ नाही ते नुसते भाजके चणे-वाटाणे. त्या मातकट, किंचित तुरट चवीशिवाय बाकीचे दाणे एकमेकांत मिसळून सपक लागतात.

यानंतर येतं सुकवणं, आणि घरी करणारे बहुतेक जण तेच गाळतात. भिजलेलं कडधान्य चाळणीत तासभर निथळू द्या. मग जाड सुती कापडावर एकेरी थरात, पंख्याखाली किंवा वाऱ्याच्या जागी, सावलीत पसरा. उन्हात नको. उन्हात साल चटकन वाळते, आतली ओल अडकते आणि साल भाजण्याआधीच फुटते. पुण्याच्या कोरड्या हवेत तीन तास लागतील, जुलैच्या दमट हवेत सहा-सातही लागू शकतात. घड्याळापेक्षा हाताने ठरवा. मूठभर दाणे घट्ट दाबून सोडले तर तळहाताला ओल लागता कामा नये. साल जराशी सुरकुतलेली दिसली पाहिजे. एक दाणा दाताने तोडला तर आत मात्र तो ओलसर, भिजलेल्या बदामाइतका करकरीत लागला पाहिजे. तीनही जमलं की दाणा तयार.

मीठ लावायचं ते याच्या आधी, दाणा अर्धवट सुकलेला असताना. किलोभर कोरड्या कडधान्याला २० ते २५ ग्रॅम मीठ आणि अर्धा चमचा हळद पाव वाटी पाण्यात विरघळवा, दाण्यांना चोळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग पुन्हा पसरा. भाजून झाल्यावर वरून टाकलेलं मीठ कोरड्या सालीला धरत नाही, ते डब्याच्या तळाशी जमतं.

आता वाळू. होय, घरी वापरा, आणि मी तर म्हणेन वाळूशिवाय कुळीथ आणि पावटा भाजायच्या भानगडीत पडू नका. कढईत दाण्याचा एकच बिंदू तापलेल्या लोखंडाला टेकतो. वाळूत तो चहूबाजूंनी वेढलेला असतो, म्हणून उष्णता एकदम आणि सारखी लागते. भट्टीतली वाळू साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसला असते, आणि ती इतकी उष्णता धरून असते की दाणे पडल्यावरही फारशी निवत नाही. आपल्याकडच्या चणे-फुटाण्याच्या भट्ट्या याच तत्त्वावर चालतात. भडभुंजे चणा भिजवत नाहीत. ते तो एकदा तापवतात, मीठ-हळदीच्या पाण्याचा हबका देऊन ढीग झाकून मुरवतात आणि मग दुसऱ्यांदा कडक वाळूत टाकतात, तेव्हा तो फुटतो. ओल आत मुरवायची आणि मग एकदम विस्तव दाखवायचा, हे दोन्हीकडे सारखंच.

नदीची वाळू घ्या, बांधकामाची दगड भरडून केलेली वाळू नको, तिची पूड दाण्याला चिकटते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, कडकडीत वाळवा आणि दोनदा चाळा: बारीक चाळणीने धूळ जाऊ द्या, मग मोठ्या चाळणीने जाड खडे वेगळे करा. उरलेला कण कुळथाच्या दाण्याहून बराच लहान हवा, नाहीतर भाजल्यावर वाळू आणि दाणा वेगळे होणार नाहीत. ही वाळू रिकामीच अर्धा तास भाजा, मातीचा वास जाईल. नंतर चमचाभर तेल टाकून पुन्हा परता. ती काळपट होते, धूळ सोडायची थांबते आणि वर्षानुवर्षं वापरता येते.

वाळू मिळत नसेल तर साधं मीठ चालतं. किलोभर मीठ जाड लोखंडी कढईत तापवा. पहिल्यांदा ते तडतडून उडेल, कारण कणांत अडकलेली ओल बाहेर पडत असते, म्हणून सुरुवातीला झाकण हाताशी ठेवा. मिठात भाजणार असाल तर वर सांगितलेलं मीठ निम्म्यावर आणा. काम झालं की कढई लगेच रिकामी करून धुवा, लोखंडाला मिठाने गंज चढतो. अ‍ॅल्युमिनियमच्या कढईत हे करू नका.

भाजताना एका किलो वाळूला दीड-दोन मुठींपेक्षा जास्त दाणे टाकू नका. वाळू पुरेशी तापली का हे बघायला तीन-चार दाणे टाका. दहा-पंधरा सेकंदांत ते हलायला आणि तडतडायला लागले तर तयार. लगेच काळे पडले तर आच कमी करा, नुसते पडून राहिले तर थांबा. दाणे टाकल्यावर झाऱ्याने सतत तळापासून वर ढवळत राहा.

इथून पुढे कान महत्त्वाचे. आधी वाळूचाच सर्र असा आवाज येतो, तेव्हा सालीवरची उरलेली ओल जात असते. मग एखाद-दुसरा दाणा तडकतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळी कढई तडतडू लागते. हा तडतडाट जोरात असताना दाणे काढायचे नाहीत. तो विरळ व्हायला लागला, दोन आवाजांमध्ये श्वास घेण्याइतकं अंतर पडलं, की लगेच चाळणीत ओता आणि वाळू खाली पाडा. वासही बदलतो. कुळथाला आधी ओल्या मातीचा वास येतो, मग शेंगा उकडल्यासारखा, आणि शेवटी खमंग. त्या मधल्या वासाला काढलेला दाणा कच्चा असतो, रंग कितीही छान दिसो.

पण एका फेरीत काम संपत नाही. हीच गोष्ट भट्टीवर काम केलेल्या माणसांना ठाऊक असते आणि घरच्या कृतींत सहसा लिहिलेली नसते. पहिल्या फेरीनंतर दाणे जाड कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मधोमध अडकलेली ओल या वेळात बाहेरच्या थराकडे सरकते. मग दुसऱ्या फेरीत, किंचित कमी आचेवर, मिनिट-दीड मिनिट भाजा. तुमचे पावटे आतून कच्चट राहिले ते या दुसऱ्या फेरीअभावी. पावट्याला मी कधीकधी तिसरी, अगदी छोटी फेरीही देते. हरभऱ्याला दोन पुरतात, चवळीला एकच.

दाणा भाजला की नाही हे गरम असताना चावून ठरवू नका. गरम दाणा नेहमी मऊसर लागतो. एक दाणा बाजूला ताटलीत निववा आणि मग चावा. कट्‌ असा कोरडा आवाज होऊन तुकडे झाले तर झालं. चिवट लागला तर आत ओल आहे, अजून एक फेरी द्या. वाळूतून काढल्यावरही रंग थोडा चढतच राहतो, म्हणून हव्या त्या रंगाच्या एक पाऊल आधी काढा. काढलेले दाणे ढीग करून ठेवू नका, पसरा. ढिगात स्वतःच्याच वाफेने ते मऊ पडतात.

क्रम असा ठेवा: आधी कुळीथ, मग हरभरा आणि वाटाणा, मग पावटा, शेवटी चवळी आणि डाळ. वाळू सुरुवातीला सगळ्यांत कडक असते आणि कुळथाला तीच लागते. चवळीची साल पातळ, ती निवत चाललेल्या वाळूत सुखाने होते. शेंगदाणे भिजवायचे नाहीत, नुसता मिठाच्या पाण्याचा हात लावून अर्धा तास ठेवायचे आणि वेगळे भाजायचे. त्यांचं तेल इतर दाण्यांना लागू देऊ नका.

वाळू आणि मीठ दोन्ही नको असेल तर ओव्हनमध्ये १६० ते १७० अंशांवर एकेरी थरात, दर दहा मिनिटांनी हलवत, ३५ ते ४५ मिनिटं ठेवा, आणि बंद केल्यावर दार किंचित उघडं ठेवून आतच निवू द्या. हरभरा आणि वाटाणा याने चांगले कुरकुरीत होतात. कुळीथ होत नाही, ते टणकच राहतात, म्हणून ओव्हनवाल्यांनी ते वगळावेत. आणखी एक रस्ता आहे. तुमच्या भागात चण्याची भट्टी चालू असेल तर भिजवून-सुकवून तयार केलेले दाणे तिकडे घेऊन जा. दिवसाच्या शेवटी भट्टी उतरणीला लागलेली असते, तेव्हा भट्टीवाले बऱ्याचदा भाजून देतात. मात्र प्रत्येक दाणा वेगळ्या पिशवीत न्या, आणि कुळीथ आधी टाकायला सांगा.

मिसळण्याचं माप मी वाटीने करते: हरभरा दोन, पावटा दोन, कुळीथ एक, चवळी एक, वाटाणा एक, शेंगदाणे एक, डाळं अर्धी. डाळं आधीच भाजलेलं असतं, ते नुसतं मिसळायचं. खोबऱ्याचे काप कोरडेच मंद आचेवर गुलाबी करून घ्या. संक्रांतीला कर्नाटकात जो एळ्ळू-बेल्ला वाटतात, त्यात तीळ, गूळ, शेंगदाणे आणि डाळ्यांबरोबर असेच सुक्या खोबऱ्याचे काप असतात. ज्या घरात ते कापायचा हात बसलेला असतो त्या घरचे हुरिगाळूही देखणे दिसतात.

फोडणीबद्दल माझं मत ठाम आहे: ठेवणीतल्या हुरिगाळूला तेल लावू नका. तेल लागलेला दाणा आठवड्याभरात खवट वास धरू लागतो. खायच्या दिवशी दोन वाट्या हुरिगाळूला चमचाभर खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल तापवा, त्यात सालीसकट ठेचलेल्या चार लसणाच्या पाकळ्या, कढीपत्ता, हिंग घाला, आच बंद करून बेडगी मिरचीचं तिखट टाका आणि मग दाणे परता. बेडगी तिखटपणापेक्षा रंगाला आणि वासाला चांगली, ती दाण्याची चव दाबत नाही. लवंगी वापरलीत तर फक्त तिखट लागेल.

टिकण्याचं म्हणाल तर पूर्ण निवलेले, बिनतेलाचे, दोनदा भाजलेले दाणे घट्ट झाकणाच्या स्टीलच्या किंवा काचेच्या बरणीत महिनाभर सहज राहतात. तुमचे चार दिवसांत सादळले याची दोन कारणं संभवतात: दाण्याच्या मध्यात ओल राहिली होती आणि ती हळूहळू सगळीकडे पसरली, किंवा दाणे कोमट असताना डबा बंद केला. खोबरं आणि शेंगदाणे वेगळ्या डब्यात ठेवा, ते लवकर खवटतात. गूळ तर कधीच एकत्र ठेवू नका, तो ओल ओढून घेतो. सादळलेले हुरिगाळू टाकायचे नसतात. कोरड्या कढईत मंद आचेवर पाच मिनिटं परतून पसरून निववले की पुन्हा कुरकुरीत होतात. बुरशीचा वास आला तर मात्र परतण्याच्या भानगडीत न पडता फेकून द्या, विशेषतः शेंगदाण्याच्या बाबतीत.

विकत घेताना फार झगझगीत पिवळे चणे दिसले तर घेऊ नका. हळदीचा पिवळा रंग मळकट असतो आणि भाजल्यावर आणखी मंदावतो. ऑरमाइन नावाचा कापडाला लावायचा पिवळा रंग खाद्यपदार्थांत वापरायला परवानगी नाही, पण चण्यांत त्याची भेसळ होते. चणे कोमट पाण्यात टाकून लगेच गडद पिवळं पाणी सुटलं तर संशय घ्यायला जागा आहे.

आता घरच्यांचं. या दाण्यांत शंभर ग्रॅममागे साधारण वीस ग्रॅम किंवा थोडी जास्त प्रथिनं असतात, त्यामुळे मूठभर खाल्ले तरी पोट धरतं. सासऱ्यांना रक्तदाब असेल तर मिठाचा हात न लावलेला घाणा वेगळा काढा, चवीला लिंबू आणि मिरपूड द्या. तुमच्या मुलीला अख्खे दाणे देऊ नका, हे मी आग्रहाने सांगते. पाच वर्षांखालच्या मुलांच्या श्वासनळीत चणा, शेंगदाणा, वाटाणा अडकण्याचा धोका खरा आहे, आणि खेळताना-पळताना तोंडात दाणा असेल तर तो आणखी वाढतो.

सासऱ्यांनाही दाणे चावत नसतील तर दोघांसाठी उपाय एकच आहे, तो म्हणजे पीठ. भाजलेला हरभरा, कुळीथ आणि चवळी सारख्या मापाने घ्या, पावटे थोडे कमी, आणि मिक्सरमध्ये थांबून-थांबून दळा, म्हणजे भांडं तापून पीठ तेलकट होणार नाही. मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेला साली-कोंडा सासऱ्यांच्या पिठात परत घातला तरी चालेल, मुलीच्या पिठात नको. या पिठात मीठ नसलेलेच दाणे वापरा. दोन मोठे चमचे पीठ, चमचाभर किसलेला गूळ, थोडं तूप आणि वेलची, कोमट दुधात कालवून सरसरीत करा. नुसतं कोरडं पीठ मुलीच्या तोंडात घालू नका, त्यानेही ठसका लागतो. सासऱ्यांना गूळ चालत नसेल तर हेच पीठ ताकात, जिरं घालून द्या, रक्तदाब नसेल तर मीठही. पीठ दाण्यांपेक्षा लवकर सादळतं आणि वास धरतं, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळा, बाकीचे दाणे अख्खेच बरणीत राहू द्या.